देवाला तिसऱ्यांदा विचारलं

लढाईचे दिवस होते. मी सातवी पास झालो होतो आणि पुढं सांगलीला शिकायला जायचं घाटत होतं. धाकट्या चुलत्याला मात्र मी पलटणीत हवा होतो. वडील नव्हते, त्यामुळे घरात शब्द त्याचाच. त्यानं कुंडलच्या देवळात कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर शाळा, डावं पडलं तर पलटण.

उजवं पडलं.

"पाणी लय झालं हुतं," म्हणत त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा उजवंच. "देवाचं ध्यान न्हाई." तिसऱ्यांदा डावं पडलं, तसे त्यानं हात जोडले. "झालं. देव बोलला!"

आई पुढं आली. "आवं भावजी, पयलंच डावं पडलं असतं, तर पुन्यांदा लावलं असतं का?"

"वैनी, देवाची परीक्षा घेता व्हय?"

"देवाची न्हाई, तुमची."

देवळातली माणसं हसली. माझी शाळा मात्र सुटली ती सुटलीच.

परमुलखातल्या बराकीत मी आईचा तो प्रश्न स्वतःला विचारत राहिलो. मनासारखं उत्तर आलं की अजूनही धास्ती वाटते, मी सोयीच्या जागी तर थांबलो नाही? एवढी अक्कल आईनं दिली, तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण चुलत्याचा राग जात नाही. मी पलटणीत जावं हा हुकूम त्याचा होता. तसं सरळ म्हणाला असता, तर मी निदान त्याच्याशी भांडलो असतो. तो मरेपर्यंत सांगत राहिला, पोराला देवानं धाडलं.