दोन वायनरी आणि सुनंदाचं नाक

गेल्या महिन्यात आम्ही तिघी मैत्रिणी सकाळी सातला कोल्हापुरातून निघालो... वायनरी बघायला. साठी ओलांडलेल्या तीन बायका आणि वायनरी, हे वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. आमच्या घरचेही हसले.

बेत सुनंदाचा होता, आणि आश्चर्य त्याचंच. ती उन्हाळाभर कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेते, आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत तिचीच चटणी. दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. पण यावेळी ती रोज फोन करून विचारत होती, "ठरलं न्हवं? मग मागं सरायचं न्हाय हां."

गाडी रेखाची. रेखा रिटायर्ड शिक्षिका, आवाज अजून वर्गातलाच. हातकणंगले गेलं, सांगली मागं पडली आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव दिसू लागले. तिथं रेखानं गाडी थांबवली. रिकाम्या पोटी वाईन नको, म्हणून डबा उघडला. खर्डा-भाकरी... खर्डा सुनंदाच्या घरचा, म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारा. पोटभर खाल्ला.

पहिल्या वायनरीत एका मुलीनं तीन ग्लासांत थोडी थोडी व्हाइट वाईन ओतली. ग्लास फिरवा, वास घ्या, कसला वास येतो सांगा, म्हणाली. आम्ही नाक घातलं. घोट घेतला. तोंडात नुसता जाळ!

"काय लागतंय मावशी?"

"आग लागलीय," रेखा म्हणाली.

डब्यात काय होतं ते कळल्यावर ती पोरगी कपाळाला हात लावून हसायला लागली. "खर्डा खाऊन कोण येतं हो टेस्टिंगला?"

"कोल्हापूरची माणसं येतात की!" मी म्हटलं.

सगळ्यात जास्त सुनंदा हसली. पदरानं डोळे पुसत पुन्हा पुन्हा विचारत होती, "तुला पण कायच वास न्हाय? रेखा, तुला पण न्हाय?" मला वाटलं, खर्ड्याचं कौतुक चाललंय.

दुसऱ्या वायनरीत पोचेपर्यंत दुपार झाली होती. वाटेत ताक, पाणी, साधा पाव... तोंड शांत झालं होतं. इथं वाईन दाखवायला आमच्याच वयाच्या एक बाई होत्या, त्याच गावच्या. त्यांनी ग्लास पुढे केला आणि मला चक्क पिकल्या पेरूचा वास आला. रेखालाही आला. आम्ही दोघी पोरींसारख्या ओरडलो.

सुनंदानं मात्र ग्लासात नाक घातलं होतं आणि ती ते बाहेर काढतच नव्हती. डोळे मिटलेले.

"थोडं पाणी घ्या, ताई. मग परत बघा," त्या बाई म्हणाल्या.

"पाण्यानं काय हुईत न्हाय," सुनंदानं ग्लास खाली ठेवला. "दीड वर्स झालं. ताप आल्ता, तवापास्नं कशाचाच वास न्हाय मला."

आम्हाला माहीतच नव्हतं. दीड वर्ष... आणि आठवड्याला भेटतो आम्ही.

चटणीचं सगळं काम वासावर असतं. धणे कधी उतरवायचे, खोबरं कुठं थांबवायचं, हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. गेल्या उन्हाळ्यात सगळं सुनेनं भाजलं. सुनंदा नुसती शेजारी उभी राहून "झालं, उतर" म्हणायची... सुनेचा हात कढईकडे गेलेला बघून. "तिला कळलंय. बोलत न्हाय बिचारी. यंदा पण तसंच करायचं का मी?"

मग खालच्या आवाजात म्हणाली, "इथं वासाचंच काम असतं म्हणं. म्हटलं, एवढ्या वासांतला एखादा तरी लागंल."



त्या बाईंनी ग्लास बाजूला सारले आणि सुनंदासमोर बसल्या. त्यांचंही नाक एकदा सर्दीनंतर गेलं होतं. रोज सकाळी चार ओळखीच्या वस्तू हुंगायच्या, एकेक, सावकाश. आणि हुंगताना तो वास आठवायचा. परत येतोच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. सुनंदाला डॉक्टरही तेच म्हणाले होते, पण तिनं ऐकलं ते या बाईंचं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला आम्हा दोघींना तिचा मेसेज येतो. धणे, जिरं, तीळ, खोबरं... आणि पुढे एकच शब्द, "न्हाय."

मागच्या आठवड्यात मात्र मला एकटीला मेसेज आला. "धण्याचा वास कसा असतो गं? आठवायचं म्हणलं तर आता आठवंना झालाय. तू लिहितीस न्हवं, सांग की."

मी "खमंग" लिहिलं आणि खोडलं. खमंग तर सगळंच असतं. इतकी वर्षं लिहितेय, पण धण्याच्या वासाला माझ्याकडे शब्द नव्हता. शेवटी उठले, मूठभर धणे कढईत टाकले आणि फोन घेऊन गॅसपाशी उभी राहिले.

मग जसं येत गेलं तसं लिहिलं. आधी काहीच नाही. मग वाळल्या गवतासारखा. मग लिंबाची साल नखानं खरवडल्यासारखा, जरा आंबटगोड. तडतडायला लागले की ते सगळं जातं आणि एक ऊबदार, जड वास उरतो, त्याच क्षणी गॅस बंद करावासा वाटतो.

मी धणे ताटलीत काढले, चहा ठेवला.

मग तिचं उत्तर आलं... "व्हय. असाच हुता."

आणि लगेच दुसरा. "उद्या जिऱ्याचा धाड."

तिला वास अजून आलेला नाही. येईल का, माहीत नाही. तिला विचारूनच हे लिहितेय. जिरं झालं, खोबरं झालं, उद्यासाठी तीळ काढून ठेवलेत. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आयुष्य गेलं, पण कढईजवळ इतका वेळ मी कधी थांबले नव्हते. सुनंदामुळे थांबतेय.