कानशीच्या तीन रेघा

किहीमच्या अलीकडे, नारळीच्या वाडीत माझ्या वडिलांचा भाता होता. कोयते, विळे, होड्यांचे खिळे हे त्यांचं रोजचं काम. गावच्या खोतांकडे पणजोबांच्या वेळची चकमकीची बंदूक होती. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी पडायची आणि बार उडायचा. ही सगळी करामत ज्या लोखंडी भागात असते त्याला आम्ही कळ म्हणत असू. कळीची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली म्हणून खोतांनी बंदूक वडिलांकडे पाठवली.

वडिलांनी नवी कमान घडवली. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण हौसेनं त्यांनी कळीवरचा पिढ्यांचा गंज आमसुलाचं पाणी आणि विटेची पूड लावून घासून काढला. कळ आरशासारखी झाली.

खोतांनी ती ओटीवर चार माणसांसमोर पाहिली. "ही आमची कळ नव्हे. जुनी कुठे विकलीस रे, चोरा?"

"न्हाय जी, तीच हाय. निस्ती उजाळलीय."

"लोहार लोखंड उजळतो की खिसा?" कुणीतरी म्हणालं, आणि ओटी हसली.

त्या दिवसापासून शाळेत मी कळचोराचा पोर झालो. वडिलांनी पुन्हा बंदुकीला हात लावला नाही.

माझ्या मास्तरांनी मला इंग्रजी शिकवलं, कॉलेजपर्यंत पोचवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण खरं सांगतो, रात्रंदिवस अभ्यास केला तो ओटीवरच्या त्या हसण्याला उत्तर द्यायला. जुन्या हत्यारांचा नाद असलेले एक प्राध्यापक मला भेटले. बंदूक उघडून ओळखायची कशी, ते मी त्यांच्याकडून शिकलो.

पदवी घेऊन अलिबागच्या शाळेत लागलो, आणि खोतांचं बोलावणं आलं. प्रदर्शन भरणार होतं, गोरे साहेब येणार होते. "बंदुकीची माहिती इंग्रजीत लिहून दे. बापाचं ते जुनं झालं, मनात धरू नकोस."

मी धरलं होतं.

वडिलांच्याच पेचकसानं मी कळ उघडली. एका बंदुकीचे भाग दुसरीत मिसळू नयेत म्हणून जुने कारागीर प्रत्येक भागावर आतून सारख्या खुणा करत. कळीच्या आत कानशीच्या तीन रेघा होत्या. दोन्ही स्क्रूंवर तीन-तीन, नळीच्या पोटाशी तीन. खूण नव्हती ती फक्त कमानीवर.

मी सगळं लिहिलं. कळ मूळचीच आहे, कमान गावच्या लोहाराची आहे, आणि त्याला चोर म्हटलं गेलं, हेही. खोतांना इंग्रजी येत नव्हतं. खालची बी.ए.ची सही पाहून ते खूश झाले.

प्रदर्शनात मी वडिलांना घेऊन गेलो. मुद्दाम कळ आणि नळी सुटी करूनच मांडली. साहेबांनी कागद वाचला आणि भुवया उंचावून खोतांकडे पाहिलं.

"काय म्हणतात?" खोतांनी विचारलं.

मी आवाज चढवून सगळा कागद मराठीत सांगितला. त्या दिवशी ओटीवर हसलेल्यांपैकी तिघे तिथेच होते. मग मी भिंग खोतांच्या हातात दिलं. "मोजा, खोतसाहेब."

"तीन," ते पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"तीन!"

मी त्यांना नळीवरच्याही मोजायला लावल्या, आणि एका स्क्रूवरच्याही. प्रत्येक वेळी मोठ्यानं.

वडील कमानीवर बोट फिरवत होते. "पुरे आता," ते मला हळूच म्हणाले. "कमान अजून ताठ हाय बघ."

मी खोतांपुढे दुसरा स्क्रू धरला.