वायर पुरत नाही

मुलगी झाली तेव्हा आमच्या घरात बाईमाणूस नव्हतं. माझी आई गेलेली, बायकोचीही. तिची थोरली बहीण मस्कतला नर्स. ती फोनवर म्हणाली, "भावोजी, कॉम्प्युटरला कॅमेरा लावून घ्या. मी रोज बघेन तिच्याकडे."

कॅम्प दोनच्या बाजारातून कॅमेरा आणला. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो पहिलाच. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, शोकेसशेजारी. मी अंबरनाथहून पहिली पाळी करून आलो, की वडील खुर्ची ओढून समोर बसत. शेजारचे काकाही येत.

ताई म्हणायची, "पाजताना दाखव गं, बाळ नीट धरतंय का बघू." बायको पदर घट्ट ओढून म्हणायची, "बरं आहे सगळं."

वडील म्हणायचे, "अरे, पाळणा दाखव तिला. आणि तो नवा फ्रिज!"

मी दाखवला. फ्रिज दाखवला मी!

एकदा स्वयंपाकघरात बायको हळूच म्हणाली, "कॉम्प्युटर आत घ्या ना. फार दुखतंय."

"वायर पुरत नाही," मी म्हणालो.

दहा फूट वायर लागली असती. कॅमेरा घेतला त्याच दुकानात तिची भेंडोळी टांगलेली होती. खरं म्हणजे मला ती बाहेरची बैठक मोडायची नव्हती. 'पोराने मस्कत घरात आणलं' हे ऐकायला गोड वाटायचं. आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बारशाच्या दिवशी बायकोला हुडहुडी भरून ताप आला. तरी पाहुण्यांनी तिला कॅमेऱ्यासमोर बसवलंच. ताईने चेहरा पाहिला आणि ओरडली, "भावोजी, माणसं बाहेर काढा! आत्ता!"

कोणी हललं नाही. काका म्हणाले, "घ्या, मस्कतहून हुकूम आला!" सगळे हसले. मीही हसलो.

ताईला ते दिसलं. "हसताय काय? दवाखान्यात न्या तिला!"

छातीत गळू झालं होतं. चिरावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके दिवस कुणाला दाखवलं नाही?" रोज दाखवत होतो. पाळणा आणि फ्रिज.

ती घरी आली त्या दिवशी मी वायर आणली, कॉम्प्युटर आत हलवला.

"मग आम्ही काय बघायचं?" वडिलांनी विचारलं.

"भिंत बघा." त्यांच्याशी असं पहिल्यांदाच बोललो. बोलायचं तेव्हा बोललो नव्हतो.

मी आत कॅमेरा नीट करत होतो. बायको म्हणाली, "तुम्हीपण बाहेर व्हा." तिने कडी लावली.

आतून ताईचा आवाज येत होता, "डोक्याला नाही, मानेला हात दे. हं, आता तोंड मोठं उघडू दे."

दाराखालून गेलेल्या वायरवर कुणाचा पाय पडू नये म्हणून मी तिथेच उभा राहिलो.