खंडेनवमीला शिंपडलेलं टेबल

अन्याय माझ्या आत्यावर झाला. लातुरात, यंदाच्या खंडेनवमीला, सकाळी, तिनं मढवलेलं टेबल वकिलाच्या घरी बसवून झाल्या झाल्या. वकिलाचं नाव घेत नाही. त्याला अहो-जाहोही करणार नाही.

आत्याचं तिथंच कुशनचं दुकान आहे. गाड्यांची सीटं, सोफे, खुर्च्या. काका गेल्यापासून मशीन तीच चालवते. मी नांदेडला असते; वकील तिथं आमच्या संघटनेच्या सभांना अध्यक्ष म्हणून यायचा, समतेवर बोलायचा, टाळ्या घ्यायचा. त्याला घरातल्या ऑफिससाठी सागवानी टेबल हवं होतं, वरून अस्सल चामड्यानं मढवलेलं. रेक्झिन नको म्हणाला, हाताला कळतं. आत्यानं ते चामडं तळहातानं दाबत दाबत बसवलं, काठाला हातशिलाई घातली. कोपऱ्यांत एक चुणी नाही.

खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारं पुजतो. त्या दिवशी आत्या कुणाचं काम घेत नाही. पण वकिलाला त्याच दिवशी नव्या टेबलावर पेन आणि कायद्याची पुस्तकं पुजायची होती. "मावशी, तुमच्याशिवाय कोण करणार?" झालं, ती आपली पूजा तशीच ठेवून गेली. मी सणाला आले होते, सोबत गेले. टेबल टेम्पोतून उतरवलं, बसवलं, दुकानात परतलो. मशीनला हार घातला आणि बघतो तर कात्री नाही. तिकडंच राहिली. कात्रीशिवाय कसली पूजा? पुन्हा स्कूटी काढली.

दार उघडंच होतं. वकिलाची आई आंब्याच्या डहाळीनं टेबलावर गोमूत्र शिंपडत होती. आमच्या जातीचा हात लागला होता ना! आणि वाटी? वाटी वकिलाच्या हातात होती.

आत्या उंबऱ्यातच थांबली. वकिलाची बायको लगबगीनं पुढं आली. "तसं काही नाही हो मावशी. नवीन वस्तू आली की करतोच आम्ही."

आत्यानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथल्या फ्रीजवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. "त्यो बी नवाच दिसतो की. त्याला शिंपडलं का?"

बायको फ्रीजकडं बघत मागं सरकली.

"माझी कात्री द्या."

वकिलानं ती खिडकीच्या कट्ट्यावरून उचलली आणि स्टुलावर ठेवली. हातात दिली नाही.

दिवाळी उरकल्यावर त्याचा फोन आला. मी दिवाळीला आलेली होते; आत्याचे हात कामात होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"मावशी, लेदरवर काळे डाग पडलेत. पुसून जात नाहीत."

"कशाचे वो?"

"पाणी सांडलं असेल."

"पाणी? कोणत्या वाटीतलं?"

तो खाकरला. "आई जुन्या वळणाची आहे, मनावर घेऊ नका. नवीन चामडं लावा. म्हणाल ते देतो."

"आईच्या हातात डहाळी व्हती, वकीलसाहेब. वाटी कुनी धरली व्हती? दुकानात या. काय केलं आन का केलं, ते तुमच्या तोंडानं बोला. मग येते मी. फुकट लावून देते."

फोन कट.

तो आलेला नाही. मला त्या डागांचा आनंद होतो, लपवत नाही. पसरावेत, अख्खं टेबल काळं व्हावं, असं वाटतं. आत्या म्हणते, "पोरी, लई जळायलीस. जेव आधी." पण ती स्वतःही तिकडं फिरकत नाही.

लातुरात कुणी हात लावेना, म्हणून आता त्याचा कारकून नांदेडच्या कुशनवाल्यांकडं खेटे घालतोय. मी त्याच्या आधी पोचले. एकेका दुकानात बसून सगळं सांगितलं, चहा प्यायले, पुढं गेले. अजून कुणी ते काम धरलेलं नाही. सध्या त्यानं टेबलावर काच टाकलीय म्हणे. काचेतून डाग आणखी छान दिसत असतील.

तुम्ही लातूरचे असाल तर कधीतरी त्या टेबलासमोर बसाल. बांधाचं भांडण, फारकत, काहीही निघेल. बसल्या बसल्या आधी विचारा, हे डाग कशाचे? पाणी म्हणाला तर फाइल काखेत मारा, उठा आणि दुसरा वकील करा.