प्रत्येक रहस्याचं उत्तर उंदीर

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे टीव्हीवरच्या त्या रहस्यवाल्या मालिका बघताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विषय चांगले असतात हो. समुद्राच्या तळाशी सापडलेले खांब, रंग बदलणारं तळं, वाळवंटात आपोआप सरकणारे दगड. त्यातले शास्त्रज्ञही नीट, समजेल असं बोलतात. पण मध्येच तो हिंदीतला घोगरा आवाज येतो, "हे दुसऱ्या ग्रहावरच्या पाहुण्यांचं काम तर नसेल?" अशा अर्थाचं काहीतरी विचारतो आणि खुशाल जाहिरातींना निघून जातो. अरे, नसेल ना! सरळ सांग की! उत्तर खिशात ठेवून लोकांना साबण विकायचे, ह्याला मी तरी विज्ञान म्हणत नाही. तरीही लहानपणापासून मी ह्या मालिका सोडलेल्या नाहीत, आणि त्याला कारण आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. श्रीरामपूरच्या मार्केट यार्डात एका आडत्याच्या गोदामावर त्यांची सगळी नोकरी झाली. पोती मोजून घ्यायची, थप्प्या लावून घ्यायच्या, कुलूप घालायचं, हे त्यांचं काम. घरी आले की हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसायचे आणि ती मालिका लावायचे. आमच्या घरात तिचा एक नियम होता. ब्रेक लागला की प्रत्येकानं रहस्याचं आपलं उत्तर सांगायचं. ब्रेकनंतर खरं काय ते कळलं की ज्याचं उत्तर सगळ्यात लांब गेलं, त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा.

माझा भाऊ नेहमी भूकंप म्हणायचा. माझं त्या वयात जगातलं सगळं चुंबकानं घडत होतं. आई "देवाला ठावं" म्हणून सुटायची. आणि आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं.

"उंदीर."

गोदामात पोतं हलकं भरलं तर उंदीर. दिव्याची वायर तुटली तर उंदीर. पत्र्यावर कोणीतरी चालतंय म्हणून हमाल घाबरले, तेव्हाही उंदीरच निघाले होते. त्यामुळे आप्पांच्या मते जगात रहस्य असं नव्हतंच. जहाज बुडालं कशानं? "तळ कुरतडला असंल." तळ्याचं पाणी लाल कशानं झालं? "उंदीर मरून पडला असंल." आम्ही भावंडं हसून हसून लोळायचो. मग आप्पा हरायचे, "आता काय, हरलो तर हरलो" असं पुटपुटत उठायचे आणि चहा ठेवायचे. आलं घातलेला, दाटसर, मस्त चहा.

गेल्या पावसाळ्यानंतर आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. जिवावरचं टळलं, उजवा हात आणि पाय थोडे अधू झाले, आणि बोलणं गेलं. उपचारांना सोयीचं म्हणून मी आईआप्पा दोघांनाही माझ्याकडे शहरात, सावेडीला घेऊन आले. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. शब्द डोक्यात आहेत, बाहेर यायची वाट अडली आहे. सराव केला तर वाट पुन्हा होऊ शकते, आणि सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे. पण सराव त्यांनी करायला हवा. त्यांचा सराव दुसरं कुणी करू शकत नाही.

आणि आप्पा काही केल्या करायला तयार नव्हते! खांद्यावर पंचा टाकून बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे आणि रस्त्याकडे बघत राहायचे. भेटायला येणारे नातेवाईक केळी घेऊन यायचे आणि त्यांच्या कानाशी ओरडायचे, "कसं काऽय आप्पा? ओळखलं काऽ?" वाचा गेली म्हणजे माणूस बहिरा होतो, असं का वाटतं लोकांना कोण जाणे. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, त्यांना सगळं ऐकू येतं. तुमचं तर खाली पार्किंगमध्येसुद्धा ऐकू आलं." मामा रागावून गेले. जाऊ देत.

मला भीती एकाच गोष्टीची होती. हे महिने असेच गेले आणि ती वाट कायमची बुजली तर? आई काही बोलत नव्हती, पण स्वयंपाक करताना मध्येच गॅस बारीक करून उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "न्हाई गं, ह्यांनी हाक मारल्यासारखी वाटली."

आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवायला एक मॅडम घरी यायच्या. वयानं लहान, बोलायला गोड, मूळच्या मुंबईच्या. चित्रांची कार्डं दाखवायच्या. केळं, गाय, छत्री. आप्पा कार्डाकडे असे बघायचे, की मी शाळेत नापास मुलाच्या पालकांकडेही तसं बघत नाही. एका दिवशी मॅडमनी कार्डं बाजूला ठेवली, आईला समोर बसवलं आणि विचारलं, "काका, ह्या कोण? ह्यांचं नाव काय? पहिलं अक्षर मी सांगू?"

आप्पांनी मान फिरवली. मॅडमनी पहिलं अक्षर सांगितलं. आप्पा छताकडे बघायला लागले. पुन्हा सांगितलं. त्यांचे कान लाल झाले. मॅडमचा चेहरा गंभीर झाला आणि त्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "बायकोचं नावसुद्धा येत नाहीये. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान दिसतंय."

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. पदर तोंडाला लावलेला, धड हसू नाही, धड रडू नाही.

"अवो बाई, त्यांनी माजं नाव आजवर कधी घेतलंच न्हाई. लग्नात घेतलं असंल एकदा, तेबी बायकांनी दार अडवलं म्हनून. आता तुमच्यासमोर कसं घेतील?"

मॅडम आधी आईकडे बघत राहिल्या, मग कपाळावर हात मारून अशा हसत सुटल्या, की मलाही आवरेना. आमच्याकडे जुन्या पिढीतला नवरा बायकोला "अगं ए" म्हणतो, "ऐकलं का" म्हणतो, पोरांच्या नावानं हाक मारतो. तिचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे नको तिथे लाडात येणं. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि तरी त्या क्षणी सुचलं नाही, ह्याचीच मला गंमत वाटते. आप्पा छताकडेच बघत होते, पण मिशीचं एक टोक हललं होतं.

"मग ते रोज, न चुकता म्हणायचे असा एखादा शब्द सांगा," मॅडम म्हणाल्या.

आई आणि मी एकदमच म्हणालो, "उंदीर!"

सगळा प्रकार ऐकून मॅडमनी कार्डं पिशवीत टाकली. म्हणाल्या, रोज ती मालिका लावा, तोच खेळ खेळा, आणि त्यांच्यासाठी जागा मोकळी सोडा. मागे लागू नका, फक्त थांबा.

थांबणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. दुपारी मालिकेचे जुने भाग पुन्हा दाखवतात. माझी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिघं टीव्हीसमोर बसायचो. ब्रेक लागायचा. आई काहीबाही सांगायची. आकाशातून मासे पडले, तर ही म्हणायची, "इमानातून कुनाचा डबा सांडला असंल." आणि मी? मी लगेच सुरू! वावटळ, हवेचा दाब, पाण्याची वाफ, फळा असता तर आकृतीही काढली असती. ब्रेक संपायचा, आप्पा गप्पच. आठवडे गेले. रोज तेच.

एके दिवशी आईचा बांध फुटला. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं तिनं.

"तू जरा तोंड बंद ठेवशील का? सगळं तूच सांगून टाकती. मग त्यांनी बोलायचं काय?"

"अगं, चुकीचं उत्तर मी कसं ऐकून घेऊ?"

"घ्यायचं ऐकून! त्यांनी न्हाई का एवढी वर्षं चुकीचं उत्तर दिलं?"

"त्यांना ते खरंच वाटायचं गं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. तुझी कीव येते, अशा नजरेनं. "खुळी का काय तू? रंगीत तळ्यात उंदीर म्हननारा मानूस, त्याला काय कळत नव्हतं व्हय? तुजी आजी हुती तवा. लेकानं बायकूसाठी चहा ठेवला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं तिनं. पन पैजंत हरलेल्या मानसाला कोन काय म्हननार? दिसभर माजे हात राबायचे, तेवढा एक चहा मला आयता मिळायचा. म्हनून हरायचे ते."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं शेजारी बसून मी ह्या रहस्याचे भागांमागून भाग पाहिले होते आणि उत्तर मला आज, भाजीच्या टोपल्यांमध्ये, आईकडून कळत होतं. मला रडूच आलं. आई म्हणाली, "आता रडत बसू नको, ब्रेक संपंल."

त्यानंतर मी जीभ आवरली. सोपं नव्हतं, पण आवरली.

ज्या दुपारची ही गोष्ट, त्या दिवशी सरकणाऱ्या दगडांचा भाग होता. कोरड्या पडलेल्या तळ्याच्या सपाट मातीत मोठाले दगड, आणि प्रत्येकाच्या मागे सरकल्याची लांबच लांब रेघ. ढकलणाऱ्याचं पाऊल कुठेच नाही. घोगऱ्या आवाजानं आपलं ते पाहुण्यांचं विचारलं आणि ब्रेक लागला. मी दोन्ही ओठ दातांखाली धरले. आप्पा पडद्याकडे बघत होते.

आईनं पदर सारखा केला, आप्पांकडे न बघता ऐटीत म्हणाली, "उंदीर."

आप्पांनी झटकन मान वळवली. त्यांचं उत्तर! ते घरात कधी कुणी घेतलं नव्हतं, चोरायची कुणाची टाप नव्हती.

"उंदरांनी वढले असतील," आई पुढे म्हणाली. "दुसरं काय?"

आप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर वळला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर शीर उठली. मी अर्धी उठले होते, आईनं माझी ओढणी ओढून खाली बसवलं. टीव्हीवर कुणीतरी चकाचक भांडी दाखवत होतं.

"घू…" आप्पा म्हणाले. "घू… घूस."

आईच्या मुठीत माझी ओढणी तशीच होती.

"यवढा… दगड." त्यांनी डाव्या हातानं आकार दाखवला. चेहऱ्यावर संताप. एवढा मोठा दगड उंदराला कसा ओढता येईल, बाई अक्कल आहे का तुला, त्याला घूसच हवी, हे सगळं त्या चेहऱ्यावर होतं.

"घूस!" आई ओरडली. "ऐकलं का गं? घूस म्हनले!" ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी तर आप्पांच्या गुडघ्याला मिठीच मारली. ह्या गडबडीत ब्रेक संपला आणि त्या शास्त्रज्ञांनी सांगून टाकलं, की थंडीत तिथे पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, वारा तो पापुद्रा ढकलतो आणि दगड त्याच्यासोबत सरकतात.

म्हणजे दोघंही हरले. आता निवाडा माझ्यावर आला. बर्फापासून उंदीर जास्त लांब की घूस? मला विज्ञानाच्या पदवीत हे शिकवलेलं नाही. मी विचार करतेय तोवर आई डोळे पुसत उठली. "मीच हरले म्हना. ठेवते चहा."

खुर्चीच्या दांड्यावर थाप पडली.

"मी," आप्पा म्हणाले.

एका बाजूनं मी धरलं, एका हातात काठी. ओट्यापर्यंत जायला आम्हाला बराच वेळ लागला. पातेलं मी धरलं, साखर त्यांनी डाव्या हातानं घातली आणि निम्मी बाहेर सांडली. आलं किसता येईना, तर तसाच तुकडा टाकला. आई टीव्हीसमोर बसून राहिली होती, आयत्या चहाची वाट बघत. मदतीला आली नाही. पहिला घोट घेतल्यावर म्हणाली, "पानी जास्त झालं." आप्पांची मिशी पुन्हा हलली.

त्यानंतरच्या दोन दिवसांत आणखी शब्द आले. काही वाकडे, काही भलत्याच जागी, पण आले. "पंखा" म्हणायचं असलं की "खिडकी" म्हणायचे, मग स्वतःच वैतागायचे. वैतागायचे हे बघूनच आमच्या जिवात जीव यायचा.

पुढच्या खेपेला मॅडम आल्या तेव्हा आम्ही त्यांना काही सांगायच्या आतच त्यांनी मुद्दाम, मिश्कीलपणे आईकडे बोट केलं. "काय काका, आज तरी सांगणार का? ह्यांचं नाव काय?"

आप्पांनी आईकडे पाहिलं. चांगलं सावकाश पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला. मग मॅडमकडे वळून, एकेक शब्द जागेवर ठेवत, आप्पांनी झटक्यानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं.

"न्हाई… सांगत… जा."