सुजाताच्या गळ्यातली निळी पट्टी

आज ऑफिसचं नवं ओळखपत्र गळ्यात घालताना निळ्या पट्टीचा कोरा वास आला आणि बेलवलीची सुजाता आठवली.

आम्ही बारावीत होतो. तिच्या वडिलांची अंबरनाथची कंपनी बंद पडली, तशी ती कॉलेज सोडून उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका ऑफिसात डेटा एन्ट्रीला लागली. एका संध्याकाळी अशीच निळी पट्टी घालून भेटली. एसीत बसून हात गार पडले होते, कपड्यांना रूम फ्रेशनरचा वास होता. माझा नुसता जळफळाट झाला. आमच्या वर्गात पंखासुद्धा धड फिरत नव्हता.

"मजा आहे यार तुझी! दिवसभर काय टाइप करतेस?"

"बारावीच्या परीक्षेचे फॉर्म. आज आपल्याच वर्गाचे आले होते. तुझा मीच भरला."

"चुकवला नाहीस ना?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"नाही गं, दोनदा तपासला." ती पट्टीशी चाळा करत राहिली. "गठ्ठा संपला, तरी परत चाळला. वाटलं, चुकून माझाही असेल."

माझं लक्ष पट्टीवरच होतं. "दे ना, एकदा घालून बघते," मी म्हटलं.

तिनं ती इतक्या पटकन काढून दिली, की मी परत केली नसती तरी तिनं मागितली नसती. हे मला आज कळतंय.