लेकीसाठी केलेला साबण

माझी थोरली लेक दीड वर्षाची होती तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवला की खरखर आवाज यायचा. गुडघ्यांच्या मागे आणि कोपरांच्या आतल्या बाजूला लाल चट्टे उठलेले असत. थंडीची चाहूल लागली की ती अशी ओरबाडून घ्यायची की मी तिला पायमोजे हातात घालून निजवत असे.

आम्ही तेव्हा उज्जैनला फ्रीगंजात दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे, सासूबाई, मी आणि ती. मी साताऱ्याकडची, लग्न करून इथे आलेली. सासरची मंडळी दरबारी कारकुनी करत पाच-सहा पिढ्यांपूर्वी माळव्यात आलेली. माझं मराठी त्यांना कीर्तनासारखं वाटे आणि त्यांचं मला हिंदीसारखं. घरात एकमत व्हायची तशी पंचाईतच होती. त्यातून लेकीची कातडी म्हणजे सगळ्यांनी हात धुऊन घ्यायचं ठिकाण झालं.

सासूबाईंचा विश्वास बेसनावर. बंबात पाणी चांगलं कढत करायचं, चण्याचं पीठ आणि हळद दुधात कालवायची आणि पोरीला पाटावर बसवून पितळेचं भांडं घासावं तसं घासायचं. "मैल निघतोय बघ," असं त्या अभिमानाने म्हणत. मला ती कातडीच निघताना दिसे. माझा विश्वास मात्र टावर चौकातल्या दुकानातून आणलेल्या एका गुलाबी साबणावर होता. त्याच्या वेष्टनावर गुटगुटीत बाळ होतं, त्याला मी भुलले. त्या साबणाला वास इतका यायचा की आंघोळ झाल्यावर पोरगी लग्नाच्या वऱ्हाडातून आल्यासारखी वाटायची, आणि मग तासभर खाजवत बसायची. सकाळी मी साबण लावी. मी स्वयंपाकाला वळले की सासूबाई बेसन लावत. म्हणजे दोघींच्या भक्तीपायी त्या लेकराला दोनदा सोललं जायचं.

डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की जाईल. तोवर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या पंड्याने शिप्रेत बुडी द्यायला सांगितलं. शिप्रेत बुडी मारून पापं जातात असं ऐकून होते, आणि या पोरीच्या खाती अजून एकही जमा नव्हतं, म्हणून तो सल्ला मी सोडून दिला.

याच सुमाराला राज्यांची पुनर्रचना आली. आमचे हे मध्य भारत सरकारच्या नोकरीत. मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे नक्की झालं आणि यांच्या कचेरीत कामच थांबलं. जुन्या राज्याचं काम करायचं कशाला, आणि नवं राज्य अजून जन्मायचं होतं. कारकून कपाटं बांधून त्यांच्यावर बसून चहा पीत. हे दुपारीच घरी येऊ लागले. रिकाम्या नवऱ्याइतकी घराला धास्ती दुसऱ्या कशाचीच नसते. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की पोरीसाठी ते घरीच साबण करणार आहेत. शुद्ध, सौम्य, स्वदेशी, आणि आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असलेला. कचेरीतल्या कोणाच्या तरी मेव्हण्याने त्यांना कृती सांगितली होती. मेव्हण्याने स्वतः साबण केला होता का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

त्यांनी घरात फर्मान काढलं: घरचा साबण तयार होईपर्यंत बाहेरचा बंद. सासूबाईंना हा बेसनाचाही अपमान वाटला. "येऊ दे तुझा साबण," त्या मुलाला म्हणाल्या, "तोवर मी पोरीच्या आंघोळीला हात लावायची नाही." आणि त्यांनी खरोखरच हात आखडता घेतला. एकदा रुसल्या की त्या पक्क्या रुसत.

सामान आणायला मी यांच्याबरोबर गेले. खोबरेल तेलाचा मोठा डबा घेतला. मग यांनी कॉस्टिक सोडा मागितला. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "बाबूजी, नाली जाम हो गई क्या?" हे म्हणाले, नाही, बच्ची के लिए साबुन बनाना है. दुकानदार यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. मी कडेवरच्या लेकीचं झबलं सारखं करत बसले.

मागच्या अंगणात प्रयोग मांडला. यांनी माझं अॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं, लग्नात आलेलं, आणि त्यात पाणी घालून वर सोडा टाकला. पातेलं फसफसायला लागलं. हे म्हणाले, असंच व्हायला पाहिजे. फसफस वाढली, नाकाला झोंबणारी वाफ उठली, आम्ही दोघी सासू-सुना पोरीला घेऊन दारापर्यंत मागे सरलो. हेही सरले, पण हळूहळू, आपण मागे सरत नाही असं दाखवत. थोड्या वेळाने पातेल्याच्या बुडाला भोक पडलं आणि सगळा ऐवज फरशीवर वाहत गेला. फरशीचा तेवढा पट्टा मात्र त्यानंतर लखलखीत पांढरा राहिला.

"अॅल्युमिनियम चालत नाही वाटतं," हे म्हणाले.

दुसऱ्या खेपेला लोखंडी कढई घेतली. तेल, सोडा, ढवळणं, पुन्हा ढवळणं. मिश्रण हळूहळू खिरीसारखं दाट झालं. मला क्षणभर वाटलं, जमतंय की. इतका वेळ उंबऱ्यात बसून तोंड फिरवून राहिलेल्या सासूबाईंना राहवलं नाही. नातीसाठी करतोयस तर चिमूटभर हळद तरी घाल, असं म्हणून त्यांनी स्वतःच मूठभर घातली. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती पिवळी हळद लालभडक झाली. कढईत विटेच्या रंगाचा लगदा तयार झाला.

सासूबाई उठून जवळ आल्या, वाकून बघितलं. दर वर्षी घरी हळदीत चुना घालून कुंकू करणारी बाई ती.

"हे कुंकू झालं," त्या म्हणाल्या. "याच्यात चुन्याचा कोणीतरी भाऊ बसलाय. आधी तू याने आंघोळ कर. मग बघू."

हे म्हणाले, साबण मुरला की सौम्य होतो. मुरायला किती दिवस लागतात, हे मेव्हण्याने सांगितलं नव्हतं. यांनी लगद्याच्या वड्या पाडल्या, खिडकीत वाळत ठेवल्या आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला पहिली वडी काढायची असं ठरवलं. त्या वर्षी नवं राज्य आणि दिवाळी एकमेकांना लागूनच आली होती. कचेरीत म्हणे मिठाई वाटणार होते. आमच्याकडे साबण निघणार होता.

मधल्या दिवसांत पोरीच्या आंघोळीला वाली उरला नव्हता. सासूबाई रुसलेल्या, गुलाबी साबण बंद, घरचा साबण खिडकीत. मी आपली तिला कोमट पाण्याचे चार तांबे घालून बाहेर काढायची. साबणापायी आणलेलं खोबरेल बरंच शिल्लक होतं, डबा मोरीच्या दाराशीच पडलेला, पायात यायचा. ती खाजवून रडायला लागली की मी तिचं अंग टिपून ओलसर असतानाच त्यातलं तेल चोपडायची. उपाय म्हणून नव्हे. तिला ते आवडायचं, आणि तेल संपलं तर डबा पायातून जाईल हाही हिशेब होता.

नरकचतुर्दशीच्या पहाटे यांनी आईचा शब्द पाळला. वडी घेऊन मोरीत शिरले. मी दाराबाहेरून विचारलं, कसा आहे साबण? "फेस चांगला येतोय," उत्तर आलं. थोड्या वेळाने, "किंचित गरम वाटतोय." मग एकदम पाण्याचे तांबे भराभर ओतल्याचा आवाज, एकामागून एक, बंबातलं संपलं तशी गार पाण्याची बालटीही रिकामी झाली. हे बाहेर आले तेव्हा गळ्यापासून खाली उकडलेल्या बिटासारखे दिसत होते. दिवाळीसाठी शिवलेला नवा सदरा त्यांना अंगावर घालवेना. नव्या राज्याचं स्वागत त्यांनी पंचा नेसून, हात शरीरापासून लांब धरून केलं.

नंतर पोरीची पाळी. अभ्यंग म्हटल्यावर सासूबाईंना रुसवा सोडणं भागच होतं. तेल त्यांनीच लावायचं, तो त्यांचा मान. त्यांनी नातीला मांडीवर पालथं घेतलं, पाठीवर तेल ओतलं, हात फिरवला आणि थांबल्या. पुन्हा फिरवला. मग कोपरं उलटी करून पाहिली, गुडघ्यांच्या मागे बोट लावून पाहिलं.

"हिची खरखर कुठे गेली?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकून पाहिलं. मलाही त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. चट्टे फिके पडले होते, पाठ मऊ लागत होती. रोज हात लावणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि मी तर सगळा वेळ यांच्यावर लक्ष ठेवून होते.

"काय लावलंस?"

"काही नाही. कोमट पाणी, आणि तेल."

सासूबाईंनी नातीला सुलटं करून पोटाला तेल लावलं. मग म्हणाल्या की बेसनाचा गुण उशिरा येतो. पंचा नेसलेले हे म्हणाले की तेल त्यांच्याच साबणाचं, म्हणजे अर्धा साबण लागू पडलाच की. मी दोघांनाही हो म्हटलं. पण त्या दिवशी उटणं वाटीतच राहिलं, आणि त्यानंतर सासूबाईंनी नातीला कधी घासलं नाही. बंबातलं पाणी त्या स्वतः बोट बुडवून बघू लागल्या आणि कढत असलं तर मलाच रागवू लागल्या, जणू आजवर मीच तिला उकळत होते.

थोड्याच दिवसांत भोपाळला हजर होण्याचा हुकूम आला. बांधाबांध सुरू झाली. सासूबाईंना भोपाळमध्ये धड चादर मिळेल असा भरवसा नव्हता, म्हणून त्या पलंगपोस छापून घ्यायला जवळच्याच कापड छापणाऱ्या रंगाऱ्यांच्या भैरवगढला निघाल्या आणि टांग्यात आम्हा सगळ्यांना बसवलं. यांनी त्या लाल वड्यांचं गाठोडं बरोबर घेतलं होतं. फेकून द्यायला त्यांचा जीव होत नव्हता. छापण्याआधी कोऱ्या कापडाची खळ धुऊन काढतात हे त्यांना ठाऊक होतं. एका रंगाऱ्याला त्यांनी भीत भीत वडी दिली, हाताला जपा म्हणून बजावलं. तो काठीने कापड ढवळून, झोडून परत आला तो हसतच.

"बाबूजी, मांड तो एक ही बार में निकल गई," तो म्हणाला. "किस चीज के लिए बनाया था?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी कडेवरच्या लेकीचे गाल पुसत राहिले.

"इसी के लिए," हे लेकीकडे हात करून म्हणाले.

रंगारी मोठ्याने हसला. त्याला तो विनोद वाटला. सगळं गाठोडं त्याने ठेवून घेतलं आणि आणखी करणार का, असं विचारलं. परतीच्या वाटेवर हे इतके खुलले होते की भोपाळला गेल्यावर मोठी कढई घेऊ म्हणाले. सासूबाईंनी टांगेवाल्याला घोडा जरा पळवायला सांगितलं.

पण भोपाळला यांना बसायला धड खुर्ची मिळण्याआधीच काम मिळालं. चार जुन्या राज्यांचा कारभार एकाच टेबलावर येऊन पडला होता आणि ते अंधार पडल्यावरच घरी येत. साबणाचा विषय पुन्हा निघाला नाही. लोक नव्या सरकारला काय वाटेल ते बोलत. मी मात्र त्याचे एवढे उपकार आजही मानते.